तेरा फूट चार इंच

९ ऑक्टोबर

नवी वही. जुनी माझ्या ट्रेलर-दुरुस्तीच्या दुकानाची होती, ती दुकानाबरोबर संपली. हिच्यात फक्त डिझेल, मैल आणि थांबे लिहायचे असं ठरवलं आहे. पण पहिल्याच पानावर माझ्या बायकोचं, बेव्हचं, नाव येणार, कारण प्रवास तिच्यासाठी आहे.

आधी आकडे. पिकअप, मागच्या आसावर चार चाकं, टाकी छत्तीस गॅलन. राहायचा ट्रेलर अडतीस फुटी. सामानसुमान भरून पंधरा हजार दोनशे पौंड. हा अंदाज नाही, धान्याच्या काट्यावर नेऊन तोलला. पिकअपसकट लांबी छप्पन फूट. उंची तेरा फूट चार इंच. बनवणारे तेरा फूट एक इंच लिहितात, पण मी शिडी लावून ट्रेलरच्या छतावरच्या एसीच्या टोपणापर्यंत स्वतः मोजली. बनवणाऱ्यांवर भरवसा ठेवून पंपाच्या छताखाली शिरलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांची टोपणं मीच बदलून दिली आहेत.

सपाटीवर, वारा नसताना, गॅलनला नऊ मैल. टाकी पावाच्या खाली, म्हणजे नऊ गॅलनच्या खाली, कधीही जाऊ द्यायची नाही. हा नियम माझा आहे आणि तो मी आजवर मोडलेला नाही.

लोकांना वाटतं, पंप दिसला की शिरायचं. एकट्या गाडीला ते चालतं. छप्पन फुटांना शिरण्याआधी बाहेर पडायची वाट ठाऊक हवी. मागे चार गाड्या लागल्या की उलट घेता येत नाही, पुढे वळायला जागा नसेल तर ट्रेलर तिथेच सोडवून ठेवावा लागतो आणि सगळं गाव बघायला जमतं. म्हणून प्रत्येक पंप मी कॉम्प्युटरवर आकाशातून पाहून घेतला. पंपांची रांग रस्त्याला समांतर की आडवी, डिझेल कडेला की मधोमध, फाटकं दोन की एक, छताची उंची किती. छताची उंची आकाशातून दिसत नाही, ती फोन करून विचारावी लागते. माँटानातल्या आमच्या दारापासून मर्नाच्या दारापर्यंत अकराशे ऐंशी मैल, सात थांबे, प्रत्येकाला एक पर्यायी थांबा. कॉलेज केलेल्यांना हे जमत नाही. मी शाळेनंतर जे शिकलो ते गाड्यांच्या माहितीपुस्तकांतून, एकेक पान.

मर्ना म्हणजे बेव्हची बहीण, ॲरिझोनात असते. तिथली हवा कोरडी आणि उबदार. बेव्हची फुप्फुसं आखडत चालली आहेत. नाकाला नळी आणि पायाशी ऑक्सिजनचं यंत्र, ते पिकअपच्या सॉकेटवर चालतं. डॉक्टरांना विचारलं, किती महिने, आकडा द्या. म्हणाले, तसा आकडा नसतो. ज्या कामात आकडा नसतो त्याला काम कसं म्हणायचं?

यादी बेव्हला वाचून दाखवली. नेवाडा आल्यावर तिने थांबवलं.

"ईलीच्या पुढे कुठे?"

"ईलीला टाकी फुल्ल. तिथून एका दमात दोनशे नऊ मैल."

"मधे लॅम्ब्रिक आहे ना."

"लॅम्ब्रिकला एकच पंप आहे, जुना. छताची उंची कुणी फोनवर सांगत नाही."

"तू केलास फोन?"

केला नव्हता. लॅम्ब्रिकच्या पंपाला लागून टायरचं दुकान आहे आणि त्यात आमचा मुलगा कर्टिस काम करतो, चार वर्षं झाली. पण न थांबण्याचं कारण ते नाही. कारण उंची.

१२ ऑक्टोबर

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी निघालो. नियोजन सातचं होतं. बेव्हने हकलबेरीच्या, म्हणजे आमच्या टेकडीवरच्या रानफळाच्या, जॅमच्या चार बरण्या कापडी पिशवीत घालून पायाशी ठेवल्या, त्यात वेळ गेला.

"मर्नाला साखर चालत नाही," मी म्हटलं.

"मर्नासाठी नाहीत."

"मग कुणासाठी?"

"चालव तू, लायल."

यंदा तिला टेकडी चढवत नव्हती, तरी शेजारणीकडून हकलबेऱ्या आणवून दोन दिवस खुर्चीत बसून जॅम केला. पिशवी सहा पौंड भरली. ट्रेलरमध्ये ठेवूया म्हटलं तर नको म्हणाली.

पहिला थांबा ठरल्याप्रमाणे. एकशे त्र्याहत्तर मैल, एकोणीस पूर्णांक एक गॅलन. गॅलनला नऊ पूर्णांक शून्य सहा. हिशेब बरोबर आला की जी शांतता वाटते ती बेव्हला सांगून कळत नाही. ती म्हणते, "छान."

१३ ऑक्टोबर

चाकाचे नट तपासले. ट्रेलरची चाकं घातली की पन्नास मैलांनी आणि मग रोज नट पुन्हा आवळायचे असतात, हे बहुतेक लोक करत नाहीत. निघण्याआधी सगळे एकशेवीस फूट-पौंडांवर आवळले होते. आज तीन सैल निघाले, पाव पाव वेढा. ॲल्युमिनियमची चाकं नवी असताना बसतात थोडी.

माझा टॉर्क पाना बावीस वर्षांचा आहे. जेवढ्या ताणावर लावू तेवढा ताण आला की 'टक्' करतो आणि थांबायचं. दुकान उघडलं त्या आठवड्यात घेतला. त्याला कुणी हात लावलेला मला चालत नसे, कर्टिस सोडून.

आता कर्टिसचं लिहिलंच आहे तर पूर्ण लिहितो. चार वर्षांपूर्वी त्याने एका गिऱ्हाइकाच्या घोड्यांच्या ट्रेलरला चाकं घातली. चाळीस मैलांवर एक चाक निखळलं. माणसं वाचली, घोडीचा पाय मोडला, तिला तिथेच गोळी घालावी लागली. कर्टिस म्हणाला, मी तुमच्याच पान्याने एकशेवीसवर आवळले होते. मी म्हटलं, एकशेवीसवर आवळलेला नट चाळीस मैलांत निघत नाही. तू अंदाजाने आवळलेस. आणि माझ्या दुकानात अंदाजाने काम करणारा माणूस नको. गिऱ्हाईक उभं होतं, दोन कामगार होते. त्याने हातमोजे काढून बाकावर ठेवले, एकावर एक, बोटं जुळवून, मी शिकवल्यासारखे. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. मीही नाही.

आकडा खोटं बोलत नाही.

१६ ऑक्टोबर. ईली

आज पुन्हा पाच नट सैल. दोन तर बोटांनी फिरले. मला हे आवडलं नाही. थांब्याजवळच्या टायरच्या दुकानात गेलो, चाकाची भोकं झिजली आहेत का ते बघायला. दुकान मायते नावाच्या बाईंचं. चाळिशीच्या, बास्क वंशाच्या. दंड माझ्यापेक्षा जाड.

भोकं चांगली आहेत म्हणाल्या. मग माझ्या हातातल्या पान्याकडे बघत राहिल्या.

"हा किती वर्षांचा?"

"बावीस."

"तपासून कधी घेतला होतात?"

"तपासायची गरज पडली नाही."

"लग्नाबद्दल माझा नवरा असंच म्हणायचा," त्या म्हणाल्या. मागे एक माणूस टायर फुगवत होता, तो फिस्सकन हसला. बेव्हही हसली, आणि मग तिला खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही. मायतेबाईंनी स्वतःची खुर्ची आणून तिला बसवलं.

त्यांच्या भिंतीवर पाना तपासायचं यंत्र आहे. माझा पाना एकशेवीसवर लावून त्यात अडकवला. सत्त्याण्णवला टक्. मी म्हटलं, पुन्हा. अठ्ठ्याण्णव. पुन्हा. सत्त्याण्णव. मी त्यांचा स्वतःचा पाना लावायला सांगितला. एकशेवीस. त्यांचं यंत्र चुकत असेल म्हणून शेजारच्या गॅरेजमधला तिसरा पाना मागवून घेतला. एकशे एकोणीस.

"साहेब, अजून एखाद्या गावातून मागवू का?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी बत्तीसही चाकनट त्यांच्या पान्याने आवळून दिले. मी पाना पेटीत ठेवला.

नीट लिहायला हवं. पाना आज चुकतो, एवढंच सिद्ध झालं. चार वर्षांपूर्वी चुकत होता का, हे सांगणारं यंत्र कुठल्याच भिंतीवर नाही.

कॅम्पवर आल्यावर बेव्हने रस्त्यांचा ॲटलास काढला आणि नेवाडाचं पान उघडून माझ्यासमोर ठेवला.

"हे बघ तरी."

"ॲटलास मी बघत नाही. त्यात मैल गोल केलेले असतात."

"लायल, लॅम्ब्रिकच्या पंपाचं छत चौदा फुटांच्या वर आहे."

"कोण म्हणालं?"

"मोजणाऱ्याने मोजलंय."

"नाव काय त्याचं? कशाने मोजलं? किती ठिकाणी? ऐकीव आकड्यावर मी तेरा फूट चार इंच छताखाली घालणार नाही."

तिने ॲटलासवर हात ठेवला होता. मी तो तिच्या हाताखालून काढून मिटला आणि तिच्या बाजूच्या दारातल्या खणात ठेवला. म्हणाली, "तू आजही असाच?" मला वाटलं मायतेबाईंकडे झाला तो उशीर ती म्हणते आहे, म्हणून मी म्हटलं की तीन पाने तपासण्यात पस्तीस मिनिटंच गेली.

१७ ऑक्टोबर

वाईट दिवस. क्रमाने लिहितो.

नऊ वाजता टाकी फुल्ल करून ईली सोडलं. दक्षिणेचा वारा, समोरून, ताशी पंचवीस ते तीस मैल. इतक्या मोठ्या चौकोनी ट्रेलरला समोरचा वारा म्हणजे कायमचा चढ. अर्ध्या तासात सरासरी सातवर आली. सातने दोनशे नऊ मैलांना तीस गॅलन लागतात, म्हणजे पोचताना टाकीत सहा. नियम नऊचा. नियमाप्रमाणे मधे थांबायला हवं, आणि मधे फक्त लॅम्ब्रिक. हे मला साडेनऊलाच कळलं होतं. बेव्हला मी सांगितलं नाही.

तिने सकाळी लिपस्टिक लावली होती. निळा स्वेटर. जॅमची पिशवी मांडीवर. म्हटलं, पायाशी ठेव. म्हणाली, असू दे.

लॅम्ब्रिक अकराला आलं. रस्त्याच्या उजव्या हाताला पाण्याची टाकी, मग पंप, मग टायरचं दुकान. वेग मी पस्तीसवर आणला होता, गावातली मर्यादा तीच आहे.

"लायल, थांब."

"दोन तृतीयांश टाकी आहे. भागेल."

"मी डिझेलचं म्हणत नाहीये."

मग कशाचं, ते तिने सांगितलं नाही. मी पंपाकडे नीट पाहिलं, कारण पाहणं माझं कामच आहे. कडेच्या शेवटच्या पंपासमोर, म्हणजे जो छप्पन फुटांना सोयीचा पडला असता नेमका त्याच्यासमोर, नारिंगी शंकू ओळीने लावले होते. पंप बंद. मी बेव्हला दाखवलं. म्हटलं, बघ, थांबलो असतो तर फसलो असतो. शंकूंपाशी एक माणूस उभा होता. वारा एवढा होता की टोपी त्याने हाताने धरली होती. त्याने दुसरा हात वर केला. माझं लक्ष आरशात होतं.

बेव्हने काचेला हात लावला आणि गाव संपेपर्यंत तसाच ठेवला. काचेवर तिच्या हाताचा ठसा आहे. उद्या पुसेन.

पुढे आणखी एक मनस्ताप. लॅम्ब्रिक सोडल्यापासून एक करडी पिकअप मागे लागली. मी दोनदा कडेला घेऊन वाट दिली, हात बाहेर काढून खूण केली, तरी पुढे जाईना. मी हळू केलं की तोही हळू. ट्रेलरमागच्या शांत हवेत राहून स्वतःचं डिझेल वाचवणारे असतात असे. सदतीस मैल आला. बेव्ह सबंध वेळ तिच्या बाजूच्या आरशात बघत होती. घाटमाथ्यावर तिने फोन कानाला लावला आणि एवढंच म्हणाली, "नको रे. याच्या तोंडून काहीबाही निघेल आणि मग तेवढंच माझ्या कानात राहील." मर्नाशी बोलत असेल. करडी पिकअप माथ्यावरच्या मोकळ्या जागेत वळली आणि परत गेली. असल्यांना परवाना कोण देतं?

बेव्हने ऑक्सिजन तीनवरून चारवर नेला.

पोचलो तेव्हा डिझेल संपत आल्याचा दिवा लागलेला होता. भरताना कळलं, टाकीत साडेपाच उरलं होतं. नियम नऊचा, उरलं साडेपाच. नियम पहिल्यांदा मोडला. का मोडला ते लिहायला बसलो होतो, पण आता लिहीत नाही.

२० ऑक्टोबर. ॲरिझोना

काल पोचलो. मर्ना अंगणात उभी होती.

"काय इंजिनीअर, आलास एकदाचा?"

तिला ठाऊक आहे मी इंजिनीअर नाही. म्हणून म्हणते. मग तिने बेव्हला पाहिलं आणि पुढचे टोमणे गिळले.

बेव्ह अंथरुणावर आहे. मर्ना आणि ती हळू आवाजात बोलतात, मी गेलो की थांबतात. जॅमच्या बरण्या पिशवीतच आहेत. एक फोडूया का म्हटलं, तर मर्ना म्हणाली, "तू त्यांना हात लावू नकोस."

एकूण अकराशे एक्याऐंशी मैल. नियोजनात एका मैलाचा फरक.

२६ ऑक्टोबर

बेव्हला इस्पितळात हलवलं. यंत्र आता मोठं आहे, आकडे लाल रंगात दिसतात. रक्तातला ऑक्सिजन नव्वदच्या वर हवा. शहात्तर, एकोणऐंशी, चौऱ्याहत्तर. मी लिहून ठेवत होतो. बेव्हने वही माझ्या हातातून घेतली आणि पालथी घातली. तिच्या बोटांत जोर नव्हता. मी सोडली म्हणून ती घेऊ शकली.

"लायल, मी तुला कधी काही मागितलं?"

"नाही."

"मागितलं," ती म्हणाली.

२ नोव्हेंबर

बेव्ह आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गेली.

७ नोव्हेंबर

दहन झालं. राख घरी माँटानात न्यायची, टेकडीवर, असं ती मर्नाला सांगून गेली. मला सांगितलं नव्हतं. डबा सहा पौंडांचा आहे. जॅमच्या पिशवीएवढा.

कर्टिस आला नाही. मी मर्नाला म्हटलं, आईच्या वेळेलाही नाही. माझ्या आवाजात काय होतं ठाऊक नाही. मर्नाने हातातलं फडकं टेबलावर आपटलं.

"मी केला होता फोन त्याला. काय म्हणाला सांगू? म्हणाला, ती जिवंत होती तेव्हा रस्त्यावर उभा होतो. सकाळी आठपासून. आता कुणाला बघायला येऊ?"

"कुठल्या रस्त्यावर?"

मर्ना मग खुर्चीत बसली. "अरे देवा," ती म्हणाली, "तुला खरंच कळलेलं नाही."

मी म्हटलं, मर्ना, कोड्यात बोलू नकोस. ती उठून आत गेली.

८ नोव्हेंबर

बेव्हच्या बाजूचं दार साफ करत होतो. खणात ॲटलास. बाहेर काढला तेव्हा नेवाडाच्या पानात एक कागद होता, चौकोनी घड्यांचा.

जसा आहे तसा उतरवतो. आखणी पट्टीने केलेली आहे, पेन्सिलने, मापं फूट-इंचांत. पंपांची रांग, फाटकं, टायरचं दुकान, पाण्याची टाकी, उत्तर दिशेचा बाण. खाली अक्षर कर्टिसचं.

"मॉम, छत १४ फूट २ इंच. तीन ठिकाणी मोजलं, तिन्हीत कमी ते हे. स्टीलच्या टेपने. डॅडना सांग की अंदाज नाही. उत्तरेच्या फाटकाने आत, दक्षिणेच्या फाटकाने बाहेर. वळायला ६२ फूट आहेत, त्यांना ५६ लागतात. शेवटचा पंप १७ तारखेला सकाळी आठपासून शंकू लावून तुमच्यासाठी मोकळा ठेवतो, मालकाला सांगितलंय. त्यांनी माझ्याशी नाही बोललं तरी चालेल. डिझेल भरेपर्यंत तू खाली उतर. छत्तीस गॅलनला सात मिनिटं लागतात."

मी आरशात बघत होतो.

९ नोव्हेंबर

काल पुढे लिहिता आलं नाही.

शंकू. सदतीस मैल मागे आलेली करडी पिकअप. घाटमाथ्यावरचा फोन. ॲटलास मी तिच्या हाताखालून काढला. सगळं या वहीतच आहे, माझ्याच अक्षरात, वेळेसकट आणि मैलांसकट. वाचलं तर कुणालाही कळलं असतं. मी लिहिणारा होतो.

काचेवरचा ठसा मी अठरा तारखेलाच पुसला. तशी नोंद आहे का बघितलं. नाही. पण पुसला, हे आठवतं.

११ नोव्हेंबर

परतीचे थांबे लिहिले. सात. ईलीच्या आधी लॅम्ब्रिक. छताची उंची १४ फूट २ इंच. माहिती कुणी दिली, या रकान्यात कर्टिस हॉगन लिहिलं. पर्यायी थांब्याचा रकाना कोरा सोडला.

मर्ना दारापर्यंत आली. पट्टा तिनेच बेव्हच्या डब्याभोवती आवळला आणि शेजारी जॅमची पिशवी ठेवली. म्हणाली, "तिथे जाऊन त्याला मापं सांगत बसू नकोस."

१४ नोव्हेंबर. लॅम्ब्रिक

वारा नाही. गॅलनला नऊ. दोन वाजता पाण्याची टाकी दिसली. डिझेल साडेबावीस गॅलन, म्हणजे थांबायची गरज नव्हती.

उत्तरेकडून नाही, मी दक्षिणेकडून येत होतो, तरी कागदाप्रमाणे गाव ओलांडून, वळून, उत्तरेच्या फाटकाने आत शिरलो. शंकू नव्हते. शेवटच्या पंपाला एक म्हातारी जुन्या गाडीत तेल भरत होती. मी छताच्या अलीकडे थांबलो. ट्रेलरचं शेपूट रस्त्यावर राहिलं, मागे एकाने हॉर्न वाजवला.

टायरच्या दुकानातून तो हात पुसत बाहेर आला. ट्रेलर बघून थांबला. एकतीस वर्षांचा आहे, कानांवर केस पांढरे झालेत, हे मला ठाऊक नव्हतं. पुढच्या काचेतून त्याने आधी माझ्याकडे नाही, शेजारच्या जागेकडे पाहिलं. मग म्हातारीपाशी जाऊन काहीतरी बोलला. तिने गाडी पुढे घेतली. तो पंपाच्या पुढे, मला दिसेल असा उभा राहिला आणि दोन्ही हात वर केले. हे मी त्याला तो चौदाचा असताना शिकवलं होतं. हात दिसतात तोवर यायचं, दिसेनासे झाले की थांबायचं.

मी वर पाहिलं नाही. त्याच्या हातांकडे बघत छप्पन फूट आत घातले. त्याने मूठ वळली. थांबलो.

"डिझेल?" तो म्हणाला.

"साडेबावीस गॅलन आहे."

"मग?"

मी उतरलो. वाक्य तयार करून आणलं होतं, तीनशे मैल ते जुळवत होतो. तोंडातून निघालं ते असं, "एकशेवीसवर लावला की सत्त्याण्णवला टक् करतो."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"घोडीच्या आधीपासून. तुम्हाला दोनदा सांगितलं, डॅड. दुसऱ्यांदा तुम्ही म्हणालात, पाना ठीक आहे, तुझा हात तपास."

मला हे आठवत नाही. पण तो खोटं बोलणारा नाही, म्हणून लिहून ठेवतो.

"मग दुसरा पाना का नाही घेतलास?"

"घेऊ दिला असतात?"

मागे पुन्हा हॉर्न वाजला. कर्टिसने तिकडे न बघताच हात वर करून थांबायला सांगितलं.

"ती कुठे आहे?"

"पुढे. पट्टा लावलाय."

तो बेव्हच्या बाजूला गेला नाही. माझ्या बाजूने चढला, माझ्या जागेवर बसला आणि दार ओढून घेतलं. मी पंपाला पाठ टेकून उभा राहिलो. काचेवर उजेड होता, आतलं दिसत नव्हतं. मागचा हॉर्नवाला उतरून तावातावाने आला आणि माझा चेहरा बघून परत गेला. नऊ मिनिटं. सातात भागलं नाही.

उतरला तेव्हा जॅमची पिशवी त्याच्या हातात होती. पाना मी पुढे केला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, दांड्यावरची माझी आद्याक्षरं अंगठ्याने पुसली आणि मला परत दिला.

"पुढचा थांबा ठरलेला असेल."

"ईली. अठ्ठ्याऐंशी मैल."

"मग निघा. लोक खोळंबलेत."

मी म्हटलं, कर्टिस. तो थांबला. किती वेळ थांबला ते मी मोजलं नाही.

मग तो चालत दक्षिणेच्या फाटकापर्यंत गेला, पिशवी खांद्याला अडकवली आणि दोन्ही हात वर केले. मी त्याच्या हातांकडे बघत बाहेर पडलो. रस्त्यावर आल्यावर हात आरशात लहान होत गेले, पण खाली आले नाहीत.

डिझेल: शून्य गॅलन. छत आणि ट्रेलर यांच्यामध्ये दहा इंच राहिले. त्याने मोजले होते तेवढेच.